नवाबांचा मुका होकार

"शहरबानू, उद्या दुपारी तुझा निकाह माझ्या मेहुण्याशी!" खैरापूरच्या नवाबांनी भर दरबारात हुकूम सोडला, आणि मणियारांच्या लेकीच्या हातातली बांगड्यांची टोपली खळ्ळकन खाली आपटली.

मेहुणा म्हणजे फत्तूमियाँ. वय पंचावन्न, पोट नगाऱ्याएवढं, आणि उद्योग एकच, तितरांच्या झुंजी लावायच्या! शहरबानूनं त्याला तीनदा 'नाही' कळवलं होतं. म्हणून त्यानं आता नवाबांचे पाय धरले होते.

"हुजूर, मुलीच्या मर्जीशिवाय निकाह होत नाही," शहरबानू म्हणाली. "हा हक्क मला अल्लानं दिलाय. विचारा काझीसाहेबांना!"

काझीसाहेब चाचरले. "खरं आहे, हुजूर. विचारावं तर लागतंच. मात्र लाजरी मुलगी गप्प राहिली, तर तो होकार धरतात."

नवाबांचे डोळे लकाकले. "वा! मग उद्या हिनं तोंड उघडायचं नाही. मान हलवायची नाही. हातही नाही! तरी नकार देऊन दाखव, पोरी, म्हणजे सुटलीस!"

दरबार खो खो हसला. शहरबानूनं निमूटपणे काचा वेचल्या आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी शामियाना सजला. फत्तूमियाँ लाडका तितर काखेत मारून नवरदेव झाले. नवाबांनी भरपेट जेवून दोन विडे एकदम तोंडात कोंबले. तेवढ्यात शहरबानू पुढं आली.

"हुजूर, निकाह सुरू व्हायला घटकाभर अवकाश आहे. तोवर मला बोलायला बंदी नाही. एक अर्ज आहे. ही चांदीची पिकदाणी मला दिलीत?"

नवाबांचे गाल फुगलेले! बोलावं तर पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर रंगपंचमी. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"मानेचं हलणं जमेस धरायचं नाही, हा हुजूरांचाच कायदा! काझीसाहेब, हुजूर गप्प आहेत. म्हणजे?"

"म्हणजे... होकार," काझीसाहेब पुटपुटले.

पिकदाणी शहरबानूच्या काखेत गेली. आता थुंकायचीही पंचाईत!

"ही मखमली गादी?"

नवाबांनी दोन्ही हात नाचवले.

"हातांचंही नाही!"

"होकार!" काझीसाहेबांना आता मजा यायला लागली होती.

"शेवटचा अर्ज. माझी दादी, आमनाबी. वय ऐंशी, तोंडात एकच दात. तिच्याशी निकाह हुजूरांना कबूल?"

नवाबांचे डोळे खोबणीतून बाहेर यायचे राहिले. काझीसाहेबांनी तोंड उघडलं, "हो..."

"नाही! नाही! नाही!" नवाब किंचाळले. अंगरखा, गालिचा, काझीसाहेबांची दाढी, सगळं लालेलाल!

"बघा, हुजूर! तोंड उघडता आलं म्हणून वाचलात," शहरबानू म्हणाली. "ज्याला बोलायची मोकळीक आहे, त्याच्या गप्प राहण्याला खुशाल होकार म्हणा. पण ज्याचं तोंडच बांधलंय, त्याच्या गप्प राहण्याला काय म्हणायचं, काझीसाहेब?"

"जुलूम!" काझीसाहेब दाढी पुसता पुसता गरजले, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले.

 आता कोणाचं मुंडकं उडतंय, म्हणून सगळे मागं सरकले! तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आमनाबी काठी आपटत उठली.

"ए शहरबानू! माझा निकाह लावायला निघालीस, मला विचारलंस का गं? मला नाही कबूल हा! केवढा सांडतो खाताना!"

नवाब आधी लाल झाले, मग जांभळे झाले, आणि मग असे हसले, असे हसले की गादीवरून खाली घरंगळले.

"बस्स! निकाह रद्द!" पोट धरून ते म्हणाले. "एका दिवसात एक नवरी नको म्हणाली, वर तिची दादीही नको म्हणाली! पोरी, पिकदाणी तुझी, गादी तुझी, नदीकाठची आमराईही तुझी. आणि आजपासून खैरापुरात निकाहाआधी नवरीची मर्जी विचारायला तूच जायचंस. उत्तर होकार असो की नकार, मला महालात ऐकू आलं पाहिजे!"