तात्यांच्या वतीनं

“...पण महाराज, घरच्यांनी मिळून मागितलं, तर ते व्रत देता येत नाही का?”

 महाराजांनी मोरपिसांच्या पिंछीनं समोरची फरशी हलकेच झाडली आणि बस म्हणून खुणावलं.

भूपाल मगदूम बसला, पण बसतानासुद्धा जरा ऐटीतच बसला. का बसू नये? गावच्या जैन बस्तीचा, म्हणजे मंदिराचा, तो अध्यक्ष. दशलक्षण पर्वात दहाही दिवस प्रवचन त्याचंच. कुठलं व्रत कुणी, कधी, कसं घ्यावं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगायचा. असा माणूस मुनींकडे प्रश्न घेऊन जात नाही, उत्तर घेऊन जातो आणि त्यावर मान डोलवून घेतो.

आजही तो त्यासाठीच आला होता.

भानगड घरातली होती. भूपालचे वडील, सातगोंडा तात्या, तीन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. वाचा गेली, ओळख गेली, पाठीला जखमा झाल्या. त्यांचं सगळं करायची ती भूपालची थोरली बहीण, अक्का. नवरा गेल्यावर माहेरी आली होती, ती या सेवेतच अडकली.

धाकटा भाऊ अभय पुण्याहून फोनवर म्हणाला होता, “दादा, आता पुरे. मुक्या जनावराचेसुद्धा आपण एवढे हाल होऊ देत नाही. खाणंपिणं थांबवू या. सुटतील बिचारे.”

अक्कानं ते ऐकलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

भूपालला धाकट्याचं म्हणणं आतून पटलं होतं, पण ते तोंडानं म्हणवत नव्हतं. जन्मदात्याला उपाशी ठेवायचं? मग एका सकाळी पूजा करता करता त्याला सुचलं. सल्लेखना. एकेक अन्न, मग पाणी सोडत, शांत मनानं देह ठेवायचं व्रत. त्याला एकदम हलकं वाटलं. गोष्ट तीच होणार होती, पण आता तिला नाव चांगलं मिळालं होतं. फ्लेक्सवाल्याकडे त्यानं तात्यांचा फोटोही देऊन टाकला. फेट्यातला, तब्येत ठणठणीत असतानाचा.

अक्का एवढंच म्हणाली होती, “महाराज हो म्हणाले तर मी चमचा खाली ठेवीन. तू म्हणतोस म्हणून नाही ठेवणार.”

म्हणून बस्तीत उतरलेल्या महाराजांकडे ही दुपारची वारी.

“तात्यानं मागितलंय व्रत?” महाराजांनी विचारलं.

“त्यांना बोलता येत नाही, महाराज. त्यांच्या वतीनं मी मागतो.”

“त्याच्या वतीनं जेवतोस का?”

 भूपालला पाठ असलेली सगळी वचनं एकदम कुठं गेली कोण जाणे.

...

महाराज खिडकीतून नदीकडे बघत होते. याच गावात त्यांचा पहिला चातुर्मास झाला होता, तेव्हा ते ऐन तरुण होते. आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

“गुऱ्हाळाचा वास येत नाही रे आता,” ते म्हणाले.

“बंद केलं, महाराज. तात्या पडले त्याच साली चुलवण मोडलं.”

“हं... तात्या उसाचा रस द्यायचा आहाराला. हात कापायचा त्याचा. एवढा दांडगा गडी, पण ओतताना हात कापायचा.”

भूपालला हसू आलं. खरंच कापायचा. एरवी कढईभर उकळता पाक लीलया गूळ निववायच्या वाफ्यात ओतणारा माणूस, मुनींच्या ओंजळीत पेलाभर रस घालताना घामाघूम व्हायचा. पहाटे विहिरीवर आंघोळ, ओलं सोवळं, हातात नारळ ठेवलेला कलश, आणि दारात उभं राहून वाट बघणं. मुनी दारासमोर थबकले की त्यांना आहाराला बोलावणारा तात्यांचा आवाज साऱ्या आळीला ऐकू जायचा. आई लगबगीनं बाहेर यायची, तिच्या मागून अक्का. आणि थंडीतल्या संध्याकाळी गुऱ्हाळावर तात्या उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून द्यायचे, “फुंकर घाल, भूपा. तोंड भाजशील,” म्हणायचे, आणि धीर नसलेल्या भूपाचं तोंड दर वेळी भाजायचंच. तात्या पोट धरून हसायचे.

किती दिवसांनी आठवलं हे. तीन वर्षं तात्या म्हटलं की डोळ्यांपुढं यायचं ते डायपर, मलमाची ट्यूब आणि खोलीतला तो वास. या माणसाला हसताना आपण बघितलं होतं, हेच तो विसरून गेला होता. 

महाराजांनी दोन्ही हात पुढे केले. करंगळ्या जुळवून ओंजळ केली, आहाराला उभे राहतात तशी.

“सोड हे हात.”

“महाराज?”

“तू सोड. वेगळे कर.”

भूपाल दचकून मागे सरकला. दिगंबर मुनी दिवसातनं एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत जेवतात. ओंजळ सुटली की त्या दिवसाचं जेवण संपलं. मग पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

“मी कसे सोडणार, महाराज? ते तुमचे तुम्हीच सोडायचे असतात.”

बोलून गेला आणि त्याला स्वतःच्याच आवाजात तात्या ऐकू आले. एका सकाळी दुसऱ्याच घासाला अन्नात केस निघाला होता. नियमाप्रमाणे मुनींनी ओंजळ सोडली आणि उपाशीच निघून गेले. आई रडायला लागली. कॉलेजात जाणारा भूपाल तणतणला होता, “एक केस काढून टाकला असता तर काय बिघडलं असतं? चार घास आग्रहानं घालायचे की.” त्यावर तात्या म्हणाले होते, “हात त्यांचे आहेत, भूपा. आपण नुसतं वाढायचं.” आणि त्या दिवशी ते स्वतःही जेवले नव्हते.

महाराजांनी ओंजळ मोडून हात मांडीवर ठेवले.

...

“पण बघवत नाही, महाराज.”

“कुणाला?”

“...मला.”

“तात्याला भरवतं कोण?”

“अक्का. पेज देते, मुगाचं पाणी देते. चमच्या-चमच्यानं.”

“तोंड उघडतो?”

“उघडत असतील... म्हणजे, अक्का म्हणते कधी उघडतात, कधी ओठ घट्ट मिटून घेतात. मग ती चुचकारून, गाल दाबून घालते.”

“तू बघितलंस?”

भूपालनं मान खाली घातली.

“त्या वेळी मी इथं असतो, महाराज. बस्तीत.”

बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं.  महाराज रागावले असते तर बरं झालं असतं, असं भूपालला वाटलं. निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं.

“खरं सांगू का?” तो शेवटी म्हणाला. “त्यांच्या खोलीत जायची भीती वाटते मला. दारातूनच विचारतो, कसं काय, तात्या, आणि तसाच पुढं जातो. ते सुटावेत असं वाटतं... की मीच सुटावं असं वाटतं, तेही आता कळत नाही. मी काय पापी माणूस आहे का, महाराज?”

आणि बस्तीचा अध्यक्ष उपरण्यात तोंड खुपसून रडला. बरंच रडला.

महाराजांनी त्याला रडू दिलं.

मग विचारलं, “अक्का किती वाजता भरवते?”

“दिवस मावळायच्या आत.”

“मग वेळ आहे अजून. आज तिला झोपू दे. तू भरव.”

भूपालनं डोळे पुसले. त्याला चमचा कसा धरतात इथपासून सगळं विचारावंसं वाटत होतं.

“आणि त्यांनी ओठ मिटून घेतले तर?”

“थांब. दाबून घालू नकोस.”

“अन् उघडले तर?”

महाराज कमंडलू उचलून उभे राहिले.

“तर भरव, आणि उद्या ये. व्रत कुणी घ्यायचं, तात्यानं की तू, ते तेव्हा बोलू.”