टिचकीचा सड आणि आबांची टोपी

एक होतं करडू. केवढं? पितळी तांब्याएवढं. पाय चार, काड्यांसारखे. शेपूट एक, सारखी हलणारी. नाव तिचं टिचकी.

टिचकीची आई म्हणजे तांबडी शेळी. आईला दूध प्यायचे दोन सड. घरात नियम होता. एक सड चहाचा, एक सड टिचकीचा.
नियम केला कुणी? माणसांनी.
मोडला कुणी? तोही माणसांनीच.

त्या दिवशी सकाळी टिचकी डालग्याखाली होती. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, उपडी घातलेली. धार काढून होईपर्यंत करडानं डालग्याखाली बसायचं आणि गप्प राहायचं. टिचकी फटीतून बघत होती. हौसाक्का धार काढत होती.
चुर्र चुर्र! एक सड झाला.
तेवढ्यात बाजेवरून हौसाक्काचा नवरा ओरडला. त्याचं नाव गेनूआबा.
"अगं, आज चहा जरा घट्ट होऊ दे!"
चुर्र चुर्र! दुसराही सड झाला.

डालगं उचललं. टिचकी धावली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक. आईला ढुशी दिली. एक सड चोखला. रिकामा. दुसरा चोखला. तोही रिकामा.
"बें! माझं दूध कुठं गेलं?"
"चहात," आई म्हणाली.
"आई, आई, दूध दे."
आई म्हणाली, "मी कुठं नाही म्हणते? पण वाळका कडबा चघळून दूध येत नाही. आधी हिरवं गवत आण."

टिचकी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

गोठ्यामागं हत्तीगवत होतं. नाव हत्तीगवत. चांगलं वाढलं की त्यात माणूस दिसत नाही. आज मात्र उंदराच्या शेपटीसारखं लोळत होतं.

टिचकी म्हणाली,
"गवता, गवता, उठून डुल.
आई दूध देईना,
माझं पोट भरेना. बें!"

गवत म्हणालं, "मी कुठं नाही म्हणतो? पण आठ दिवस झाले, घोटभर पाणी नाही. आधी पाणी आण."

टिचकी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

बांधाच्या कडेनं पाट होता. पाटात पाणी होतं. चांगलं पोटभर होतं. खळखळ खळखळ. गवताच्या समोरूनच चाललं होतं. चाललं होतं कुठं? फुकट ओढ्यात.

टिचकी म्हणाली,
"पाण्या, पाण्या, इकडं वळ.
गवत डुलेना,
आई दूध देईना,
माझं पोट भरेना. बें!"

पाणी म्हणालं, "मी कुठं नाही म्हणतो? आज पाणी घ्यायची पाळी गेनूआबांचीच आहे. पण वाट चिखलानं बुजलीय. आधी खोरं आण. आणि लवकर आण. त्या अंगणातल्या लिंबाची सावली बघ. ती आखडत आखडत बुंध्याशी आली, की आबांची पाळी संपली. मग मी चाललो शेजारच्या बजाबाच्या मक्याला."

टिचकीनं सावली बघितली. सावली लांब होती. पार बाजेपर्यंत पोचली होती.

टिचकी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

खोरं कुठं होतं? बांधावरच. पाण्यापासून पाच पावलांवर. आडवं पडून ऊन खात होतं.

टिचकी म्हणाली,
"खोऱ्या, खोऱ्या, चिखल काढ.
पाणी वळेना,
गवत डुलेना,
आई दूध देईना,
माझं पोट भरेना. बें!"

खोरं म्हणालं, "मी कुठं नाही म्हणतो? माझं पातं बघ, कसं चकाकतंय. दांडा बघ, नवा कोरा. पण मला हात नाहीत. आधी आबांना आण."

टिचकी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

आबा कुठं होते? बाजेवरच. डोक्यावर पांढरी टोपी. मिशीला पांढरी साय. टिचकीनं साय लगेच ओळखली. तिचीच होती ती!

टिचकी म्हणाली,
"आबा, आबा, उठा ना.
खोरं हलेना,
पाणी वळेना,
गवत डुलेना,
आई दूध देईना,
माझं पोट भरेना. बें!"

आबा म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतो? हा काय, उठलोच समज. पण पहिला चहा असतो डोळे उघडायला. दुसरा चहा असतो उठायला. माझा एकच झालाय. आधी दुसरा चहा आण."
आणि आबांनी पाय लांब केले.

टिचकी निघाली. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक. पोट लागलं होतं पाठीला. पण निघाली.

हौसाक्का चुलीपाशी होती. डाव्या हातात फुंकणी, उजव्या हातात पळी.

टिचकी म्हणाली,
"आक्का, आक्का, चहा कर.
आबा उठेनात,
खोरं हलेना,
पाणी वळेना,
गवत डुलेना,
आई दूध देईना,
माझं पोट भरेना. बें!"

हौसाक्का म्हणाली, "मी कुठं नाही म्हणते? चूल पेटलीय. पाणी उकळलंय. पत्ती पडलीय. साखर पडलीय. पण कोरा चहा दिला की ते तोंड वाकडं करतात. मग दिवसभर तेच तोंड मी बघायचं होय? आधी दूध आण."
"दूध कुणाचं?"
"कुणाचं म्हणजे? शेळीचं! तुझ्या आईचं!"

टिचकी उभी राहिली. कान खाली पडले. मग निघाली. पण आता धावली नाही. तुडुक... तुडुक... तुडुक...

आईजवळ आली.

टिचकी म्हणाली,
"आई, आई, दूध दे.
चहा होईना,
आबा उठेनात,
खोरं हलेना,
पाणी वळेना,
गवत डुलेना,
आई दूध देईना,
माझं पोट भरेना. बें!"

आई म्हणाली, "मी कुठं नाही म्हणते? पण आधी..."

पुढचं टिचकीनं ऐकलंच नाही. पुढचं तिला पाठ होतं!

बसली मटकन. जिथून निघाली, तिथंच आली. सगळे तयार. सगळे गुणाचे. नाही तर कुणीच म्हणालं नाही. आणि केलं? तेही कुणीच नाही.

लिंबाची सावली आखडली होती. बाजेवरून उतरली, अंगणातून सरकली, आता बुंध्यापासून हातभरच राहिली.

"झालं मागून," टिचकी म्हणाली. "आता घेऊन."

कान ताठ. शेपूट ताठ. निघाली!

आबा बाजेवर लवंडले होते. चहाची वाट बघून बघून दमले होते बिचारे. टोपी काढून उशाशी ठेवली होती.

आता आबांची टोपी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आबा जेवायचे टोपी घालून. भांडायचे टोपी घालून. उघड्या डोक्यानं आबांना गावात कुणी बघितलेलं नव्हतं. पाळी बुडाली तर बुडू दे. टोपी हलता कामा नये.

टिचकीनं तोंड उघडलं. खप्प!
टोपी दातात धरली. आणि पळाली! तुडुक तुडुक तुडुक तुडुक तुडुक!

"अगं ए! टोपी! माझी टोपी!"
आणि आबा उठले. दुसरा चहा न पिता उठले!
हौसाक्का दारात आली. "अहो, चहा प्यायचाय ना अजून?"
"चहा गेला चुलीत!" आबा ओरडले.
"चुलीवरच आहे तो," हौसाक्का म्हणाली.

टिचकी पुढं. तुडुक तुडुक.
आबा मागं. धप्प धप्प.
गोठा गेला. गवत गेलं. पाट आला. आणि पाटावर कोण उभं? शेजारचा बजाबा. खांद्यावर खोरं, डोक्यावर फेटा. आपल्या पाळीसाठी वेळेआधी आला होता. दुसऱ्याची पाळी संपायला आली, की माणसं वेळेआधीच येतात.

"राम राम, आबा!" बजाबा म्हणाला. "आज डोकं उघडंच? वारा घालताय होय त्याला?"

आबांचे कान लाल झाले. टिचकीनं मान झटकली. पच्च! टोपी पडली पाटात. डुबुक डुबुक वाहत गेली. आणि रुतली कुठं? वाट बुजवणाऱ्या त्या चिखलात!

"बजाबा, तिकडं तोंड करून उभा राहा!" आबा म्हणाले. एक हात डोक्यावर धरला. पण एका हातानं खोरं उचलता येतं होय? नाही येत. मग सोडलं डोकं, धरलं खोरं.
हप्प! चिखल निघाला. हप्प! आणखी निघाला.
भस्सकन वाट फुटली. पाणी वळलं. खळखळ खळखळ! सगळ्यात पुढं टोपी, तिच्यामागं पाणी, त्याच्यामागं आबा, आणि सगळ्यांच्या मागं टिचकी.

गट गट गट! गवत पाणी प्यालं. एक पातं उठलं. दहा उठली. शंभर उठली. गवत डुलायला लागलं.

"आबा," बजाबा हाक मारून म्हणाला, "सावली बघा."
सावली बुंध्याशी आली होती. पाळी संपली. बजाबानं वाट बुजवली, आणि पाणी चाललं मक्याला. आबांचं निम्मं गवत भिजलं. निम्मं कोरडंच राहिलं.
"उरलेलं पुढच्या पाळीला भिजवा," बजाबा म्हणाला. "टिचकीला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं."

हौसाक्का विळा घेऊन आली. आबा चिखलात उभे. ओली टोपी डोक्यावर. टोपीतून पाणी गळतंय नाकावर. टप टप.
"उठलाच आहात, तर हे पण करा," हौसाक्का म्हणाली, आणि विळा दिला आबांच्या हातात.

खस खस खस! आबांनी गवत कापलं. भारा बांधला. डोक्यावर घेतला. टोपी पार दबली.

करम करम करम! आईनं गवत खाल्लं. मग बसून रवंथ केला. लगेच दूध आलं का? नाही आलं. शेळी म्हणजे काय नळ आहे? वेळ लागतो. टिचकी आईला टेकून बसली. ऊन कललं. कोंबड्या परतल्या. आणि आईची कास भरली. गच्च, टम्म!

हौसाक्का भांडं घेऊन आली. मागून आबा आले. मिशीवरून हात फिरवला.
"आता तरी होऊ दे की चहा. चांगला घट्ट."

हौसाक्का म्हणाली, "मी कुठं नाही म्हणते? पण आधी टिचकी."
"बरं, बरं. एक सड तिचा. एक आपला."
"दोन्ही तिचे."
"दोन्ही? अगं, नियम आहे ना!"
"सकाळी कुठं गेला होता नियम? तुमच्या कपातच होता ना?"

मग हौसाक्का खाली बघून म्हणाली, "पिळला मीच, ते पण खरं." आणि भांडं उपडं घातलं.

टिचकी धावली. तुडुक तुडुक! आईला ढुशी दिली. एक सड चोखला. भरलेला! दुसरा चोखला. तोही भरलेला! चुटू चुटू, चुटू चुटू. शेपूट कशी हलली? गरगर, गरगर!

आबा उठले,
खोरं हललं,
पाणी वळलं,
गवत डुललं,
आईनं दूध दिलं,
टिचकीचं पोट भरलं. बें!

आणि चहा? चहा पण झाला की! कोरा.
आबांनी कप घेतला. तोंड वाकडं केलं. हौसाक्कानं बघितलं. आबांनी तोंड सरळ केलं. फुर्र, फुर्र करत सगळा प्याले.
मिशीला साय? नाही.
साय होती टिचकीच्या ओठांवर.

पाणी गेलं मक्यात,
दूध गेलं पोटात,
टोपी वाळते दोरीवर,
आता डोळे मिटा बरं!