खारीच्या तीनशे शेंगा

शके अठराशे सत्त्याऐंशीच्या कार्तिकात, थंडी नुकती पडू लागली तेव्हा, बांधावरच्या खारीने उन्हाळ्यासाठी तीनशे शेंगा जमवल्या. पण रात्री झोप मोडली की तिला शेंग आठवे. म्हणून तिने सगळा साठा शेजारच्या ढोलीतल्या पिंगळ्याकडे ठेवला.

"पिंगळेदादा, तुम्ही शेंगा खात नाही आणि रात्री झोपतही नाही. मी रात्री मागितल्या तर देऊ नका. माझी शपथ आहे."

त्याच रात्री ती दारात उभी. "दादा, एकच द्या हो."

"शपथ तूच घातलीस. जा, झोप."

"मेला, दुसऱ्याच्या शेंगांवर बसलाय!" असं पुटपुटत ती साळिंदराच्या बिळाशी गेली.

साळिंदर म्हणाला, "खा की बाई. चैत्रात एकीच्या दोन दे."

पुढे पाच महिने रोज रात्री हेच चाललं. दिवसा मात्र ती बांधभर सांगत फिरे, "साठ्यातल्या एका शेंगेला मी हात लावलेला नाही."

चैत्र लागला. पिंगळ्याने तीनशे शेंगा मोजून दिल्या आणि म्हणाला, "शाबास! तू न खाता राहशील असं वाटलं नव्हतं."

खारीने त्या तीनशेच्या तीनशे साळिंदराच्या बिळाशी नेऊन ओतल्या. देणं फिटलं.