पहार धरणारी रहेलबाई

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात रहेलबाई नावाची विधवा राहत होती. तिच्या ख्रिस्ती वस्तीची विहीर आटली होती. बायका चार कोसांवरून झऱ्याचे पाणी आणत. गावात भरलेली विहीर एकच, बागाईतदाराची. त्याने निरोप धाडला, “पाणी न्या. मात्र माझ्या उसात सातही दिवस राबायचं. रविवारची प्रार्थना बंद.”

वस्तीने नवी विहीर खणायला घेतली. वीस हातांवर काळा खडक लागला. सुरुंगाची दारू कुणाजवळ नव्हती. भोके पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या आणि खडक फोडायचा, एवढेच हातात होते. रहेलबाई पहार उभी धरून बसे. तिचा धाकटा दीर एलिशा घण घाली. दोघे देवाचे गीत गात. ओळ संपली की घण पडे, पुढची ओळ चालू असताना ती पहार फिरवी. त्या गाण्यावरच तिचा हात सलामत होता.

एके दिवशी बागाईतदार काठावर येऊन उभा राहिला.

“काय रहेल, घशाला कोरड आणि गाणी गाता? लग्न आहे का कुणाचं?”

“पाण्याचं आहे, मालक. बोलावणं धाडू तुम्हाला.”

ती हसली, पण एलिशाला ते बोलणे झोंबले. काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा रागाने त्याचे गाणे मध्येच तुटले आणि घण अवेळी पडला. रहेलबाईची दोन बोटे ठेचली.

काम बंद पडले. एलिशाने घण टाकून दिला. चौथ्या दिवशी वस्तीच्या चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले.

“बाई, दुःखातही आनंद करावा, असं शास्त्र सांगतं. मालकाचं पाणी घ्या आणि सोसा. प्रार्थना आपण सोमवारी पहाटे करू.”

“पाळकसाहेब, तुमच्याकडं पाणी कोण भरतं?”

“मालकाचा गडी आणून देतो.”

“मग आनंदाचं मला शिकवू नका. विहिरीवर या. पाट्या ओढायला माणूस कमी पडतंय.”

पाळकसाहेब खाली मान घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रहेलबाई हाताला चिंधी गुंडाळून विहिरीत उतरली. एलिशा काठावरच बसून राहिला.

“भावजी, उतरा.”

“वहिनी, पुन्हा हात गेला तर?”

“गाणं थांबलं म्हणून हात गेला. मालकाला तेच थांबवायचंय. गा.”

तिने दुखऱ्या बोटांनी पहार धरली आणि स्वतःच गीत सुरू केले. पहिली ओळ ती एकटीच गायली. दुसऱ्या ओळीला एलिशा खाली उतरला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी घण पडला, बरोबर वेळेवर. वर दगडांची पाटी ओढायला कुणीतरी दोर धरला होता. ते पाळकसाहेब होते. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तळहातांना फोड आले. सोसण्याबद्दल ते त्या दिवशी एक शब्दही बोलले नाहीत.

शनिवारी मावळतीला पहारेच्या टोकाला ओला गाळ लागला. आणखी चार घाव घातले असते तर पाणी लागले असते. पण रविवारी विहिरीत कुणी उतरले नाही. ज्या दिवसासाठी विहीर खणली, तोच दिवस तिच्यापायी मोडायचा नव्हता. माणसे प्रार्थनेत कोरड्या घशाने गायली.

सोमवारी तिसऱ्या घावाला खडक फुटला आणि पाण्याची धार उसळली. एलिशा रडू लागला. गाणे थांबले.

रहेलबाईने पहार पुन्हा उभी केली.

“गा, भावजी. अजून दोन हात खोल जायचंय. मालकाला बोलावणं धाडायचं, तर पाणी पुरायला नको?”

तात्पर्य: विश्वासातला आनंद म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे, देवाचे गीत ओठांवर ठेवून हातातले काम न सोडणे, हा तो आनंद. आणि दुसऱ्याला धीर धरायला सांगणाऱ्याने आधी दोर धरावा.