पांढरा बॉल कुठे ठेवायचा

"म्हणजे सही करणार नाही, असंच ना?"

दस्तगीरचाचा पूलच्या टेबलावरच्या हिरव्या कापडावरून ब्रश फिरवत होते. एकाच दिशेनं, हलक्या हातानं, जिमखान्यात गेली पंचेचाळीस वर्षं फिरवत आले तसा.

केतकी शेडगेनं व्हीलचेअर आणखी पुढे घेतली आणि फॉर्म टेबलाच्या कडेवर ठेवला. पुण्यातली राज्य स्पर्धा. व्हीलचेअरचा गट यंदा पहिल्यांदाच होणार होता, आणि तिचीही ती पहिलीच स्पर्धा. फॉर्मवर प्रशिक्षकाची सही हवी होती. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

प्रशिक्षक म्हणजे चाचाच. जिमखान्याच्या दप्तरात ते मार्कर. बॉल मांडायचे, फळ्यावर डाव लिहायचे, क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, पुसून ठेवायच्या. पण गावात जो कुणी पूल शिकला, तो त्यांच्या हाताखालीच.

"एकतीस डाव जिंकलेत," केतकी म्हणाली. "सलग. फळ्यावर तुम्हीच लिहिलेत."

"लिहिलेत."

"मग?"

"पुण्यात समोर कोण असणार?"

"माझ्यासारखेच. खुर्चीतले." ती हसली. "इथे उभ्यांना हरवते मी, चाचा. बसलेल्यांचं काय घेऊन बसलात?"

ब्रश थांबला… मग पुन्हा चालू झाला.

गावाला केतकीचा फार अभिमान. सहा वर्षांपूर्वी अपघातात तिच्या कमरेखालचं बळ गेलं, तेव्हापासून दोनदा सत्कार झाला. दोन्ही वेळा शाल, नारळ आणि 'जिद्दीला सलाम' असं लिहिलेला फलक. जिमखान्याच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. तिला खुर्चीसकट उचलायला रोज चार माणसं धावायची. उतार बांधायचा ठराव मात्र तीन वर्षं कार्यकारिणीपुढे पडून होता. माणूस उचलला की चारचौघांत दिसतं. सिमेंट कालवलेलं कुणाला दिसतं?

केतकीला हे सगळं समजत होतं, आणि त्याची चीड होती. म्हणून तर हे टेबल तिला प्यारं. टेबलावर कुणी कुणाला उचलत नाही, अशी तिची खात्री होती.

शिराळकर वकील आत आले. साठीचे, कमरेला पट्टा. दिवाळीत मणका सरकल्यापासून तो पट्टा सुटला नव्हता.

"या वकीलसाहेब," चाचा म्हणाले. "केतकीशी एक डाव खेळा."

"रोजच खेळतो की."

"रोजच्यासारखा नको. देशमुखांशी हरायचं नाही म्हणून खेळता तसा."

वकील क्यूच्या टोकाला खडू लावत होते. त्यांचा हात तिथेच थांबला.

"चाचा… कशाला उगाच."

केतकीनं एकदा चाचांकडे, एकदा वकिलांकडे पाहिलं. "म्हणजे? माझ्याशी कसा खेळता, काका?"

"तसं काही नाही गं बाळ."

"काका."

वकिलांनी पट्टा उगाचच सैल करून पुन्हा आवळला. "आम्ही आपलं… आमचा बॉल पॉकेटात जाणार नसला, की पांढरा जरा काठाजवळ ठेवतो. तुझा हात पोचेल असा. सगळेच ठेवतात. ठरवून नाही, आपसूक होतं."

पूलमध्ये दोघांनीही मारायचा तो पांढराच बॉल. अर्धा खेळ आपले बॉल पॉकेटात घालवण्याचा, आणि अर्धा पांढरा बॉल समोरच्याला अडचणीत ठेवण्याचा. या एकतीस डावांत हा दुसरा अर्धा तिच्याशी कुणी खेळलंच नव्हतं.

केतकीनं फळ्यावरचा एकतीसचा आकडा पाहिला.

"तुम्ही बघत होतात," ती चाचांना म्हणाली.

"बघत होतो."

"आणि बोलला नाहीत."

"पहिल्या डावाला बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तू आली नसतीस. दहाव्याला बोलायला हवं होतं. तिथे मी चुकलो."

तिनं खुर्चीचे ब्रेक खाडकन लावले. "मांडा बॉल."

वकील खेळले. देशमुखांशी खेळतात तसे. पांढरा बॉल टेबलाच्या ऐन मधोमध येऊन थांबला.

केतकी एका हातानं कड धरून पुढे वाकली. खांद्यापासून बोटांपर्यंत होतं नव्हतं तेवढं ताणलं. क्यूचं टोक बॉलवरून घसरलं.

चाचांनी टेबलाखालून रेस्ट काढली. लांबच्या फटक्याला क्यू टेकवायची ती काठी, टोकाला पितळी आधार असलेली. त्यांनी ती तिच्यापुढे धरली.

"ठेवा ती," केतकी म्हणाली. "काठ्या मी दवाखान्यातच सोडून आले."

चाचांनी रेस्ट ठेवून दिली.

ती हरली. तिचे पाच बॉल टेबलावरच राहिले. जिंकलेल्या वकिलांची मान वर होईना, जणू देवळातून चप्पल चोरली असावी.

"पुन्हा," केतकी म्हणाली.

दुसऱ्या डावात ती दातओठ खाऊन खेळली. चार तिचे गेले, चार त्यांचे. मग तिच्यासमोर असा फटका आला, की बॉल जायची आशा नव्हती. पांढरा कुठे ठेवायचा, एवढंच तिच्या हातात होतं.

वकील टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. जाताना पट्ट्यावर हात दाबला, ओठ आवळले. तिनं ते पाहिलं.

तिनं फटका मारला. पांढरा बॉल संथपणे गेला आणि वकिलांच्या पुढ्यात, काठापासून वीतभर अंतरावर थांबला.

वकिलांनी क्यू उचलली.

"थांबा." चाचांनी पांढऱ्यावर पंजा ठेवला. "पोरी, हा इथे कसा?"

"राहिला."

"राहिला, की ठेवलास?"

तिनं क्यू मांडीवर आडवी ठेवली.

"सांग."

"काकांची कंबर…" ती म्हणाली.



"माझी कंबर माझ्यापाशी," वकील एकदम तडकले. "मी मागितलं होतं का तुझ्याकडे काही? कोर्टात आठ-आठ तास उभा राहतो मी. तू कोण माझी कंबर…"

तेही तिथेच थांबले. मग क्यूला खडू लावत राहिले. खडू केव्हाच लागला होता.

चाचांनी पांढरा बॉल उचलला. तिनं जिथून मारला होता त्याच जागी नेऊन ठेवला. बाकीचे हललेले बॉलही आठवून जागच्या जागी लावले.

"पुन्हा मार."

केतकीनं वकिलांकडे पाहिलं. या खेपेला कमरेकडे नाही, चेहऱ्याकडे. मग टेबलाकडे पाहिलं. फटका मारला.

पांढरा बॉल दोन कडांना लागून परतला आणि मधोमध थांबला.

"मेलो," वकील म्हणाले. त्यांनी सरळ टेबलाखाली हात घालून रेस्ट ओढली, क्यू तिच्यावर टेकवली, आणि कण्हत फटका मारला. तो हुकला. पांढरा फिरून पुन्हा टेबलाच्या पोटातच राहिला.

त्यांनी रेस्ट तिच्यापुढे केली. "धर. देशमुखांनाही मी हातात देतो. उगाच मान समजू नकोस."

पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं. किती जणांनी ते वापरलं असेल, कोण जाणे. केतकीनं रेस्ट घेतली. तिच्या हातात ती डगमगली. फटका भलतीकडेच गेला.

"मागचं टोक कापडावर दाब," वकील म्हणाले. "हवेत धरू नकोस. आणि आता गप्प बसतो, नाहीतर चाचा ओरडतील."

तो डावही ती हरली. एका बॉलनं. तोवर वकिलांचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि दोघांनी तीन वेळा एकमेकांच्या खानदानाचा उद्धार केला होता.

चाचा फळ्याशी गेले. ओल्या फडक्यानं एकतीस पुसले. शून्य लिहिलं, शेजारी दोन.

मग खिशातून पेन काढून फॉर्मवर सही केली. सावकाश, पूर्ण नाव. दस्तगीर हुसेन मुजावर.

केतकीनं फॉर्म घेतला. घडी करून मांडीवर ठेवला.

"तुझ्या गटात लातूरचा एक जण येतोय म्हणे," चाचा म्हणाले. "डाव्या हाताला बोटं नाहीत. सगळे फटके रेस्टवरूनच मारतो."

"चांगला खेळतो?"

चाचांनी ब्रश उचलला.

"ते, तू त्याला पांढरा कुठे ठेवून देतेस, त्यावर आहे."