जोडीतली दुसरी समई

“वत्सलावहिनींनी म्हणे खोतांना दुकानाबाहेर…” एवढंच बोलून भाजीवाली पुढे गेली आणि सगळ्या आळीचा जीव टांगणीला लागला.

भाईसाहेब खोत म्हणजे बाजारातलं बडं प्रस्थ. वहिनींचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. नवरा जाताना सांगून गेला होता, “भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पाठवू नकोस.” खोतांना हे ठाऊक होतं. दुकान उघडलं की पहिले हजर, आणि ते म्हणतील तो भाव. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार, हे वहिनींना दिसत होतं. पण गेलेल्या माणसाचा शब्द मोडवेना.

त्या सकाळी खोतांनी लेकीच्या रुखवतासाठी समयांची भारी जोडी निवडली.

“निम्म्या भावानं बांधा. दिवसातली पहिली वस्तू म्हणजे भवानी. नाही म्हणायचं नसतं!”

वहिनींनी एकच समई पुढे ठेवली. “ही पहिली वस्तू. तुमच्या भावानं.”

“आणि दुसरी? रुखवतात एकटी समई मांडू?”

“दुसरी दुसऱ्या गिऱ्हाइकाला, दुकानाच्या भावानं.”

“दुसरं गिऱ्हाईक आहे कुठं इथं?”

“पायरी उतरून परत चढा, भाईसाहेब. मी ‘या, बसा’ म्हणेन.”

समोरचे दुकानदार बघत होते. खोत पायरी उतरले आणि परत चढले.

“या, बसा,” वहिनी म्हणाल्या. आवाजात कुठं टोमणा नव्हता.

तेव्हा आळीतली बातमी अर्धीच खरी. खोत बाहेर गेले, पण आपल्या पायांनी. आणि पुरा भाव द्यायला परतही आले.