भाताचा रक्षक

भाताच्या खाचरात तणनाशक नवं होतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्याच बाटलीत भाताचा रक्षक राहायचा. तोही एक औषधच, पण भाताला तणनाशकापासून वाचवायला मिसळलेलं. फवारा पडताच तो भाताच्या रोपांवर ओरडला, "उठा रे! विष अंगात शिरतंय, पचवायला लागा!"

रोपं चिडली. "विषाच्या घरात राहतोस आणि आम्हाला शिकवतोस?"

"विष मी अडवत नाही, फक्त तुम्हाला उठवतो. भांडत बसलात तर मराल!"

रोपं धुसफुसत कामाला लागली. शेजारचं सावा नावाचं तण हसलं, "कसली घाई? झोपा की!"

थोड्याच दिवसांत सावा वाळून आडवा झाला. भात हिरवागार राहिला आणि तोऱ्यात म्हणाला, "आम्ही आमच्या बळावर वाचलो."

रक्षक कडाडला, "बळ तुमचंच होतं. म्हणूनच तर संताप येतो. एवढं बळ असून झोपला होतात!"